गच्चीवर मधपेटी नको, माश्यांना घरटी हवीत

लाकडी फळ्या, बांबूचे तुकडे, जुनी मडकी, नारळाच्या करवंट्या यांतून मधमाश्यांसाठी घर करण्याची हौस आता शहरांतही दिसू लागली आहे. ही हौस चांगली आहे. ज्या कीटकाला पाहताच शहरातला माणूस खिडक्या लावून घेत होता, त्याच्यासाठी तो आता करवत हातात घेतो, ही साधी गोष्ट नाही. पण या हौसेला दोन फाटे फुटतात आणि त्यांतला कोणता धरायचा याचा विचार फारसा होत नाही. एक फाटा मधपेटीकडे जातो. गच्चीवर पेटी, पेटीत वसाहत आणि वर्षाकाठी घरचा मध, असे त्याचे स्वप्न असते. दुसरा फाटा साध्या घरट्याकडे जातो. भोके पाडलेला ओंडका, बांबूच्या नळ्यांची मोळी किंवा मातीची वीट एवढेच त्याचे स्वरूप असते आणि त्यातून मधाचा एक थेंबही मिळत नाही. नाशिकच्या इंदिरानगरसारख्या वस्तीने पहिला फाटा सोडून द्यावा आणि दुसरा मनापासून धरावा, असे माझे मत आहे. मात्र हे घरटे टांगण्याआधी सोसायटीने पोळी मारणे थांबवले पाहिजे, थोडी माती उघडी ठेवली पाहिजे आणि फुले लावली पाहिजेत. त्याशिवाय टांगलेले घरटे ही भिंतीवरची शोभेची वस्तू ठरते.

ज्यांच्यासाठी घर करायचे त्या माश्या कोण, हे आधी पाहू. महाराष्ट्रात मध साठवणाऱ्या स्थानिक माश्या मुख्यतः चार. आग्या उघड्यावर एकच मोठे पोळे लावते; कड्याला, उंच झाडाला, पाण्याच्या टाकीखाली, इमारतीच्या छज्ज्याला. फुलोरीचे लहानसे पोळे झुडपाच्या फांदीवर असते. सातेरी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात एकाशेजारी एक अशी पोळी बांधते. पोया ही डंख न मारणारी इवलीशी माशी भेगेत घर करते आणि दारापाशी डिंक-मेणाची बारीक नळी काढते. यांच्या जोडीला मेलिफेरा ही युरोपातून आलेली माशी आहे. ती १९६०च्या दशकात पंजाब-हिमाचलच्या बाजूला रुजली आणि आता डाळिंबाच्या बागेत आणि कांद्याच्या डोंगळ्यांत भाड्याने ठेवलेल्या पेट्यांमधून नाशिक जिल्ह्याच्याही ओळखीची झाली आहे. पण या पाचांच्या पलीकडे फार मोठे जग आहे. जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत, भारतात ७००हून अधिक. त्यांतल्या बहुतेक एकट्या राहतात. त्यांच्यात राणी नसते, कामकरी नसतात, मधाचा साठाही नसतो. मादी एकटीच बीळ शोधते, त्यात पराग आणि मकरंदाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते, मध्ये भिंत घालते आणि पुढचा कप्पा भरायला घेते. बीळ भरले की तोंड बंद करून निघून जाते. आपल्या जन्मलेल्या पिलांना ती बहुधा कधी भेटतही नाही. अशा एकट्या माश्यांपैकी बऱ्याच जमिनीत घर करतात, बाकीच्या वाळक्या लाकडात, पोकळ काड्यांत, मातीच्या भिंतींत.

या माश्यांचे आपल्या ताटाशी असलेले नाते नाशिककरांना वेगळे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते, कारण त्यावर बोलताना आपण अतिशयोक्तीच्या आहारी जातो. मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, हे आइन्स्टाइनच्या नावावर खपणारे वाक्य त्यांनी कुठे म्हटल्याचा पुरावा नाही आणि ते खरेही नाही. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी यांना परागीभवनासाठी माशी लागत नाही. नाशिकची द्राक्षेही बहुतांशी स्वपरागीभवनावर धरतात. पण कांद्याचे बी धरायला कीटक लागतात, डाळिंबाला त्यांची मदत होते, इगतपुरी-पेठ-सुरगाण्याच्या माळांवर पिवळी होणारी खुरासणी त्यांच्यावरच अवलंबून असते. टोमॅटोची गोष्ट तर याहून बोलकी आहे. टोमॅटोच्या आणि वांग्याच्या फुलातला पराग एका बंद नळीत असतो आणि तो टोकाच्या छिद्रातून बाहेर पडतो. फूल हलवले, थरथरवले तरच तो नीट सांडतो. वाऱ्याने थोडे काम होते, पण खरी थरथर काळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी यांना जमते. त्या फुलाला घट्ट धरून छातीचे स्नायू थरथरवतात. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. ऑस्ट्रेलियात हरितगृहातल्या टोमॅटोसाठी निळ्या पट्ट्यांच्या माश्या मुद्दाम पाळून पाहिल्या गेल्या, त्या याच गुणासाठी. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात येणाऱ्या टोमॅटोच्या मागे ज्या माश्यांचे श्रम आहेत, त्यांत अशा पोळे नसलेल्या, मध नसलेल्या माश्याही आहेत. जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाच्या २०१६च्या अहवालानुसार जगातल्या प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी ७५ टक्के पिके कमीअधिक प्रमाणात परागवाहक प्राण्यांवर अवलंबून आहेत. हा आकडा पुरेसा गंभीर आहे. त्याला खोट्या वाक्यांची जोड द्यायची गरज नाही.

आता मधपेटीबद्दल. महाराष्ट्राला मधुमक्षिकापालनाची मोठी परंपरा आहे आणि तिचा अभिमान रास्त आहे. महाबळेश्वरला १९४६ पासून मधाचे काम सुरू आहे, पुण्यात १९६२ मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली, २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. केंद्र सरकारने मधुमक्षिकापालन व मध अभियानासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या, शेतीला जोड शोधणाऱ्या कुटुंबासाठी हे सारे योग्यच आहे. पण तोच नमुना उचलून इंदिरानगरच्या गच्चीवर आणला तर तो बसत नाही. पहिली अडचण सुतारकामाची आहे. १८५१ मध्ये अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ यांना उमगले की माश्या साधारण आठ-नऊ मिलिमीटरची वाट मोकळी ठेवतात. त्याहून कमी फट असेल तर ती डिंकाने बुजवतात, जास्त असेल तर तिथे पोळे बांधतात. साऱ्या आधुनिक मधपेट्या या एका मापावर उभ्या आहेत. तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातेरीसाठी लहान पेटी बसवली, ती याच तत्त्वावर. पुढे भारतीय मानकातही ती आली. घरी केलेल्या पेटीत हे माप चुकले की चौकटी एकमेकींना चिकटतात, तपासणीसाठी उघडताना पोळे फाटते, अळ्या मरतात आणि चिडलेल्या माश्या शेजाऱ्यांवर जातात. सातेरी तर त्रास झाला की घर सोडून निघूनच जाते. विषाणू, मेणकिडा आणि उपासमार यांवर लक्ष ठेवायला शिकलेला हात लागतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर नष्ट केल्या. अशी साथ हौशी, दुर्लक्षित पेट्यांमधून सहज पसरते.

दुसरी अडचण फुलांची आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे. एका पेटीत हजारो माश्या असतात आणि त्या एका फेरीत एक-दोन किलोमीटरचा, मेलिफेरा असेल तर त्याहून मोठा परिसर पिंजून काढतात. वस्तीत फुले मोजकी असताना पेट्या वाढवल्या तर काय होते, हे युरोपने पाहिले आहे. स्वित्झर्लंडमधल्या १४ शहरांत २०१२ मध्ये ३,१३९ मधपेट्या होत्या, २०१८ मध्ये त्या ९,३७० झाल्या. एवढ्या पेट्यांना पुरेल इतकी हिरवाई बहुतेक ठिकाणी नाही, असा तिथल्या संशोधकांचा निष्कर्ष होता. लंडनबद्दल क्यू येथील वनस्पती उद्यानाने २०२०च्या अहवालात असाच इशारा दिला. पेटीतली माशी हे पाळीव जनावर आहे. कोंबड्या पाळून चिमण्या वाचत नाहीत, तशी मेलिफेराची पेटी ठेवून रानमाशी वाचत नाही. उलट तिच्या तोंडचा घास कमी होऊ शकतो. सातेरी आपलीच, स्थानिक, हे खरे. पण तिच्यासाठीही गच्चीपेक्षा जुन्या झाडाची ढोली शाबूत ठेवणे हे मोठे उपकार आहेत.

साध्या घरट्याचे तसे नाही. त्याला मिलिमीटरची कसरत लागत नाही, राणी विकत आणावी लागत नाही, मुखवटा-हातमोजे लागत नाहीत. तरीही त्याचे काही नियम आहेत आणि बाजारात शोभेसाठी मिळणारी बहुतेक लाकडी घरे ते मोडतात. नळीचा मागचा भाग बंद हवा. बांबू पेरामागे कापला तर ती भिंत आपोआप मिळते. आतला व्यास तीन ते दहा-बारा मिलिमीटर असा वेगवेगळा हवा, कारण प्रत्येक जातीला आपल्या अंगाएवढेच बीळ लागते. खोली १५ सेंटिमीटरच्या आसपास हवी. यामागे कारण आहे. मादी आतल्या कप्प्यांत माद्यांची अंडी आणि दाराजवळ नरांची अंडी घालते. नळी आखूड असेल तर नरच जास्त निपजतात आणि पुढच्या पिढीत घरटे बांधणारीच उरत नाही. दोन इंच खोलीच्या सुबक खेळण्यात नेमके हेच होते. प्लास्टिकची नळी किंवा काच वापरू नये, आत दमटपणा साचून पराग बुरसतो. कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत कराव्यात, कारण कुसळाने पंख फाटतात. बांबू बुरुडाकडे मिळतो, बोरूच्या आणि एरंडाच्या पोकळ दांड्या फुकट मिळतात. ओंडका घ्यायचा तर वाळलेला, रंग-वार्निश न लावलेला. अंबडच्या कारखान्यांतून बाहेर पडणारी पॅलेटची फळी वापरायची असेल तर तिच्यावरचा शिक्का पाहावा: एचटी म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेली, ती चालेल, एमबी म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेली, ती टाळावी. आंब्याची पेटी आडवी ठेवून तिच्यात नळ्या गच्च भरल्या तरी उत्तम घरटे होते.

ते कुठे लावायचे यालाही नाशिकचे हवामान पाहावे लागेल. परदेशी पुस्तके दक्षिणेचे भरपूर ऊन सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात तशा नळीत अळ्या भाजून निघतील. पूर्वेकडचे तोंड, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली ही इथली योग्य जागा. पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, म्हणून वर छज्जा हवा. घरटे वाऱ्यात हलता कामा नये. दोरीने टांगलेले घर माशी नाकारते. माणसाच्या कमरेपासून डोक्यापर्यंतची उंची पुरते. तळाला मुंग्यांसाठी पाण्याची वाटी किंवा ग्रीसचा पट्टा लागतोच. आणि शेवटचे, पण सर्वांत जास्त विसरले जाणारे काम म्हणजे देखभाल. भरलेल्या नळीचे तोंड मातीने, पानाने किंवा डिंकाने बंद दिसते. ते फोडून माशी बाहेर पडली की ती नळी काढून फेकावी आणि नवी घालावी. जुन्या नळ्यांत परजीवी आणि बुरशी वाढते. म्हणून एक मोठे भव्य घर करण्यापेक्षा पंधरा-वीस नळ्यांच्या लहान मोळ्या ठिकठिकाणी लावणे कधीही चांगले.

काड्यांची घरटी करून मात्र निम्मेही काम होत नाही, कारण जमिनीत राहणाऱ्यांचे काय? वडाळा आणि पाथर्डीच्या शिवारातले मळे गेले आणि तिथे इंदिरानगर वाढत गेले. मळ्यात बांध होते, विहिरीच्या काठची उघडी माती होती, मातीच्या भिंतींची घरे होती. निळ्या पट्ट्यांची माशी नेमक्या अशाच भिंतीत आणि दरडीत बीळ करते. आज त्या जागी भिंतीला सिमेंट आहे आणि अंगणाला पेव्हर ब्लॉक. झाडाचे खोडदेखील आळ्याशिवाय काँक्रीटमध्ये पुरलेले दिसते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या बाबतीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले होते; ते झाडासाठी होते, पण तोच एक मीटर जमिनीतल्या माश्यांनाही पुरतो. घरी करण्याजोगा सोपा उपाय म्हणजे मातीची वीट. पोयट्याची चिकण माती आणि वाळू कालवून लाकडी खोक्यात भरावी, ओली असताना पेन्सिलीने बोटभर खोल भोके पाडावीत आणि वाळल्यावर ते खोके आडवे ठेवून छज्ज्याखाली लावावे. माती फार घट्ट नसावी, नखाने खरवडली जावी इतपत असावी. ऑस्ट्रेलियात अशाच विटा या माश्यांसाठी करतात. आणि त्याहून सोपा उपाय म्हणजे सोसायटीच्या बागेचा एक उन्हाचा कोपरा न खणता, न झाकता, पाणी न साचू देता तसाच सोडणे. काळ्या भुंग्यासाठी एक वाळका ओंडका बागेत राहू द्यावा. वाळकी फांदी दिसली की ती तोडून जाळायची, ही सवय शक्य असेल तिथे मोडायला हवी.

पोयाला पेटीत ठेवावे का, असा प्रश्न विचारला जातो. केरळात या माश्या मडक्यांत, बांबूत, करवंट्यांत पिढ्यान् पिढ्या पाळल्या जातात. त्या डंख मारत नाहीत, काहीशे मीटरच्या आत फिरतात, मध फारच थोडा देतात. शहरी बाल्कनीला पाळायला योग्य माशी कोणती असेल तर हीच. पण रानातल्या झाडाची ढोली फोडून आणलेली वसाहत विकत घेणे हा या माशीवर केलेला अन्याय आहे. भिंत पाडताना, विजेचा बोर्ड बदलताना सापडलेली वसाहत जाणकाराच्या मदतीने पेटीत हलवली तर ती जगते. तेवढ्यावरच थांबावे.

अंतराचा मुद्दा पुन्हा काढतो, कारण त्यावर सारी मांडणी उभी आहे. लहान एकट्या माश्या घरट्यापासून साधारण १५० ते ६०० मीटरपर्यंतच चारा शोधतात, असे युरोपातल्या अभ्यासात दिसले आहे. पांडवलेणीच्या डोंगरावर कितीही फुले फुलली तरी रथचक्र चौकातल्या बाल्कनीतली माशी तिथे पोचणार नाही. म्हणजे तिच्या घरट्याचे यश पुढच्या चार-पाच इमारतींच्या आवारात काय लावले आहे यावर ठरते. तिथे लॉन, पाम, क्रोटन आणि फायकस असेल तर माशीच्या दृष्टीने ते वाळवंट आहे. शेवगा, कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा ही झाडे आणि तुळस, सब्जा, बडीशेप, तीळ, फुलावर सोडलेली कोथिंबीर ही कुंड्यांतली रोपे तिचे पोट भरतात. कुंपणाला दोन ओळी तूर लावली तर पाने कापणाऱ्या माश्या हमखास येतात. याच माश्या गुलाबाच्या पानांतून कंपासने काढल्यासारख्या गोल चकत्या कापून नेतात आणि त्यांनी घरट्याचे कप्पे करतात. गुलाब त्याने मरत नाही. पण पाने कापलेली दिसली की रोग समजून औषध मारले जाते आणि शेजारीच टांगलेल्या घरट्यातली माशी त्यात जाते. ज्या घरात फवारणीची बाटली सुटणार नाही त्या घरात घरटे लावू नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

याला पहिला आक्षेप सुरक्षिततेचा घेतला जातो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. आग्याच्या हल्ल्यात माणसे दगावतात. ज्याला डंखाची ॲलर्जी आहे त्याला एक माशीही घातक ठरू शकते. वस्तीत लहान मुले आहेत, वृद्ध आहेत. पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. आग्या पोळ्याचे रक्षण करते म्हणून झुंडीने येते. एकट्या माशीला रक्षण करायला पोळेच नसते. तिला मुठीत चिरडले तरच ती डंख मारते, आणि नराला तर डंखच नसतो. घरटे लावल्याने आग्या येत नाही, तिला नळ्यांशी काही देणेघेणे नाही. आणि आग्याबद्दलही भीतीपोटी घेतला जाणारा निर्णयच धोका वाढवतो. आग्या हंगामी स्थलांतर करते. काही महिने राहून आपणहून निघून जाते. तिला धूर, दगड, फटाके, तीव्र दिवे यांनी छेडले नाही तर पाचव्या मजल्याच्या छज्ज्यावरचे पोळे बहुतेक वेळा कुणाच्या वाटेला जात नाही. जिन्याशी, शाळेच्या खिडकीशी किंवा पाळण्याशी पोळे असेल तर ते हलवलेच पाहिजे, पण हलवणे आणि मारणे यांत फरक आहे. पुण्यात पोळे न मारता हलवणाऱ्या गटांनी गेली काही वर्षे हे काम करून दाखवले आहे. नाशिकमध्ये अशा प्रशिक्षित माणसांची यादी महापालिकेकडे आणि अग्निशमन दलाकडे असायला हवी, म्हणजे सोसायटीला विष फवारणाऱ्याशिवाय दुसरा नंबर सापडेल.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. कॅनडातल्या टोरांटो शहरात तीन वर्षे सुमारे ६०० कृत्रिम घरट्यांचा अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्थानिक मधमाश्यांपेक्षा गांधीलमाश्या जास्त आढळल्या, बाहेरून आलेल्या माश्यांनीही बरीच घरटी व्यापली आणि परजीवींचा प्रश्न दिसला. घरटी लावली म्हणजे संवर्धन झाले असे मानणे घाईचे आहे, असा त्या संशोधकांचा सूर होता. मला तो मान्य आहे. पण त्यातून घरटी नकोत असे सिद्ध होत नाही. बेफिकीर घरटी नकोत एवढेच सिद्ध होते. लहान मोळ्या, दरवर्षी नव्या नळ्या, निरनिराळे व्यास ही वर सांगितलेली पथ्ये त्याच अभ्यासातल्या दोषांवरचे उपाय आहेत. शिवाय नळीत आलेली एकटी गांधीलमाशी किंवा घरोघरी मातीचे गाडगे बांधणारी कुंभारीण बागेची शत्रू नाही. ती पिलांसाठी पाने खाणाऱ्या अळ्या आणि कोळी उचलून नेते. टोरांटोचे निष्कर्ष नाशिकला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत हेही खरे, पण म्हणूनच इथे कोणत्या नळीत कोण राहायला येते याची नोंद ठेवायला हवी. इंदिरानगर परिसरातल्या शाळा आणि शहरातली महाविद्यालये यांना प्राणिशास्त्राचा याहून स्वस्त आणि खरा प्रकल्प मिळणार नाही. भरलेल्या नळीवर तारीख लिहायची, माशी बाहेर आली की छायाचित्र काढायचे, वर्षभरात एका वस्तीचे चित्र तयार होते.

तिसरा आक्षेप असा की खरी हानी शेतात होते आहे. द्राक्ष आणि टोमॅटोवरच्या फवारण्या चालूच राहणार असतील तर बाल्कनीतल्या बांबूने काय होणार? हानी शेतात होते, यात शंका नाही, आणि फुलोऱ्याच्या काळात भर सकाळी कीटकनाशक मारणे थांबले पाहिजे, हे शेतकऱ्यापर्यंत पोचवणे कृषी खात्याचे काम आहे. पण शहरही निर्दोष नाही. बंगळुरूत आग्या माश्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जास्त प्रदूषित भागांतून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक एका दिवसात मेल्या आणि तिथल्या फुलांवर त्या कमीच येत होत्या. मुंबई-आग्रा महामार्गाला खेटून असलेल्या इंदिरानगरला हा निष्कर्ष परका नाही. म्हणूनच महामार्गाच्या अंगाला नळ्या लावण्यापेक्षा आतल्या गल्ल्या, कलानगरच्या बाजूचे बंगले, जॉगिंग ट्रॅकची झाडी इथून सुरुवात करणे शहाणपणाचे. शहराच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट एकच: इथे पीक वाचवायचे नसल्याने फवारणी टाळणे कोणालाही परवडते. शेतकऱ्याला एका अळीने हंगाम जातो. सोसायटीच्या तगरीला अळी पडली तर कुणाचे काही बुडत नाही. जिथे विष टाळणे सर्वांत सोपे आहे तिथेच ते आधी टाळले जावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. डासांसाठीची धूरफवारणी आरोग्यासाठी लागते तेव्हा लागतेच, पण ती फुलांच्या ताटव्यावर आणि घरट्यांच्या भिंतीवर सोडू नये एवढे सांगणे शक्य आहे.

चौथी तक्रार खर्चाची किंवा जागेची असू शकत नाही. लेआउट मंजूर होताना मोठ्या भूखंडात १० टक्के मोकळी जागा ठेवावी लागते, तशा जागा इंदिरानगरात जागोजागी आहेत. त्यातल्या बऱ्याच आज पेव्हर आणि लोखंडी खेळण्यांनी भरल्या आहेत किंवा कुलूपबंद आहेत. प्रत्येक जागेत दोन वाफे मातीचे, एक वाळका ओंडका आणि छज्ज्याखाली तीन मोळ्या एवढे करायला महापालिकेला निविदा काढावी लागत नाही. उद्यान विभागाने सजावटीच्या झुडपांच्या खरेदीत फुलणाऱ्या देशी झाडांना प्राधान्य द्यावे आणि झाडांच्या बुंध्याभोवतीचे काँक्रीट फोडावे, ही मागणी नगरसेवकांकडे वस्तीने लावून धरावी.

वाचकांना विनंती इतकीच आहे. आपल्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत दोन ठराव मांडा: जाणकाराला दाखवल्याशिवाय कोणतेही पोळे मारले जाणार नाही, आणि आवारातला निदान एक कोपरा पेव्हरविना, फवारणीविना राहील. हे दोन्ही मंजूर झाले की मग बांबू कापायला घ्या. पावसाळा सरून फुले बहरू लागण्याआधी, सप्टेंबरअखेरपर्यंत मोळ्या भिंतीवर लागल्या पाहिजेत.